अंगणाभोवतीचे मगजदार वृक्ष : ओळख, पारख आणि सावधगिरी

फल जातकात एका सार्थवाहाची कथा आहे. तांडा अरण्यात शिरण्यापूर्वी तो आपल्या माणसांना बजावतो, की पूर्वी कधी न खाल्लेले पान, फूल किंवा फळ मला विचारल्याशिवाय तोंडात घालू नका. पुढे एका गावाच्या वेशीवर त्यांना किंपक्क नावाचा वृक्ष लागतो. खोड, फांद्या, पाने, फळे, सारे हुबेहूब आंब्यासारखे. काही उतावीळ माणसे फळे खातात. काही जण फळ हातात धरून नायकाची वाट पाहतात. सार्थवाह येताच फळे टाकून द्यायला लावतो आणि ज्यांनी खाल्ली त्यांच्यावर उपचार करतो. सकाळी गावकरी मेलेल्या तांड्याचा माल लुटायला येतात, तो सर्व जिवंत! हे झाड आंब्याचे नव्हे, हे तुम्ही कसे ओळखले, असे ते विचारतात. सार्थवाहाचे उत्तर साधे आहे. हे झाड चढायला अवघड नाही, गावापासून दूर नाही आणि तरीही फळांनी लगडलेले आहे; त्याअर्थी याचे फळ खाण्याजोगे नाही.

या कथेतील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे सार्थवाहाने फळ चाखून पाहिले नाही. त्याने झाड पाहिले, जागा पाहिली, गावकऱ्यांचे वागणे पाहिले आणि मग अनुमान काढले. घराभोवतीच्या रानटी झाडांची ओळख करून घेताना हीच रीत आपल्या उपयोगी पडणार आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील आपल्या गावांच्या शिवारात, नदीकाठी आणि शाळांच्या कुंपणालगत अशी अनेक झाडे आहेत, ज्यांच्या फळात कठीण कवचाआड खाण्याजोगा मगज असतो. त्यांच्याच शेजारी अशीही झाडे आहेत, ज्यांचा मगज चवीला गोड पण घातक असतो. निवासी शाळेतील मुले निरनिराळ्या गावांहून येतात. दुपारच्या सुट्टीत, सहलीत, सरपणाच्या निमित्ताने ती या झाडांखाली जातात. जे फळ एका गावात खातात तसेच दिसणारे दुसऱ्या ठिकाणी निराळे असू शकते. म्हणून ही ओळख म्हणजे केवळ निसर्गाचा छंद नव्हे. ती मुलांच्या सुरक्षिततेशी जोडलेली बाब आहे.

मगज आणि त्याचा पहारा

बी म्हणजे पुढच्या झाडाचा गर्भ. तो उगवून स्वतःच्या पानांवर जगू लागेपर्यंत त्याला पुरेल एवढी शिदोरी झाड बीमध्ये साठवून ठेवते. ही शिदोरी बहुधा तेल आणि प्रथिने यांची असते. म्हणूनच बदाम, काजू, चारोळी, भुईमूग यांचे दाणे पौष्टिक लागतात. परंतु जे गर्भाला पौष्टिक तेच उंदीर, खार, पाखरू आणि माणूस यांनाही हवे असते. त्यामुळे झाड या शिदोरीवर पहारा बसवते.

हा पहारा मुख्यतः तीन प्रकारचा असतो. पहिला कठीण कवचाचा. चारोळी आणि बेहडा यांची आठळी दगडाशिवाय फुटत नाही. दुसरा दाहक आवरणाचा. बिब्याच्या टरफलात कातडी भाजणारा रस असतो, कुलूच्या फळावर टोचणारे केस असतात. आतील बी मात्र खाता येते. तिसरा पहारा सर्वांत फसवा, कारण तो खुद्द मगजातच मिसळलेला असतो. चंद्रज्योत, एरंड, बिट्टी, काजरा यांच्या बियांत विषच आहे. पहिले दोन पहारे माणूस हत्याराने आणि कौशल्याने बाजूला सारू शकतो. तिसरा बाजूला काढता येत नाही. तेव्हा कोणतेही नवे फळ दिसले, की 'हे लागते कसे?' असे न विचारता 'याचा पहारा कुठे आहे?' असे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

निरीक्षणाची पाच अंगे

झाड ओळखताना एकाच खुणेवर विसंबू नये. किमान पुढील पाच अंगे पाहावीत.

पहिले अंग जागेचे. झाड डोंगरउतारावरील कोरड्या जंगलात आहे, ओढ्याकाठी आहे, की कुणीतरी कुंपणाला लावलेले आहे? दुसरे खोडाचे. साल गुळगुळीत आहे की भेगाळ, पापुद्रे सुटतात का, खोडावर काटे आहेत का? तिसरे पानाचे. पान एकटे आहे की एका देठावर अनेक पर्णिका आहेत, पाने समोरासमोर येतात की एकाआड एक, फांदीभर पसरलेली असतात की शेंड्याला गुच्छाने येतात? चौथे चिकाचे. पान तुटले असता पांढरा, पाण्यासारखा किंवा काळा पडणारा चीक येतो का? हे पाहताना चीक बोटाला लावू नये. गळलेल्या पानावरून किंवा जुन्या जखमेवरून तो दुरूनही दिसतो. पाचवे अंग ऋतूचे. मोहोर कधी येतो, फळ कधी पिकते, पाने कधी गळतात?

एका खुणेवर विसंबल्यास काय होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे चार आणि ऐन. दोन्ही झाडांची साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असते. केवळ खोड पाहणारा हमखास गोंधळतो. पण ऐनाच्या पानाच्या मागे, देठाजवळ दोन लहान गाठी असतात आणि त्याच्या फळाला पाच पंख असतात. चारीच्या पानाला अशा गाठी नसतात आणि तिचे फळ हरभऱ्याहून थोडे मोठे, गोलसर असते. एक खूण शंका निर्माण करते. चार-पाच खुणा एकत्र आल्या म्हणजे खात्री होते.

चार : कवचाचा पहारा

ज्या झाडापासून चारोळी मिळते त्याला आपल्याकडे चार म्हणतात. ते मध्यम उंचीचे, पानझडी जंगलातील झाड असून आंबा, काजू आणि बिबा यांच्याच कुळातील आहे. त्याच्या शास्त्रीय नावातील 'बुकॅनानिया' हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भारतात वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन यांच्या नावावरून आला आहे.

पाने जाड, चामड्यासारखी, लांबट आणि टोकाशी बोथट किंवा गोलसर असतात. शिरा सरळ व जवळजवळ समांतर जातात. कोवळ्या भागांवर मऊ लव असते. हिवाळा सरता सरता फांद्यांच्या टोकांना हिरवट पांढऱ्या बारीक फुलांचे तुरे येतात आणि एप्रिल-मे महिन्यांत फळे पिकून काळी होतात. वरचा गर पातळ, आंबटगोड असतो. आत कठीण आठळी आणि तिच्यात चारोळी. आठळ्या वाळवून, जात्यात हलक्या हाताने भरडून, पाखडून दाणे वेगळे केले जातात. या दाण्यात निम्म्याहून अधिक तेल असते, म्हणून तो फार दिवस ठेवला तर खवट होतो.

दिवाळीच्या श्रीखंडावर आणि खिरीवर शोभेपुरती पेरलेली चारोळी आपण पाहतो. तिच्यामागे उन्हाळ्यात झाडाखाली वाकून गोळा केलेली फळे, ती चोळून धुणे, वाळवणे, भरडणे आणि पाखडणे असे पाच वेळचे श्रम असतात. मध्य भारतातील जंगलभागात, विशेषतः बस्तरमध्ये, एकेकाळी व्यापारी मिठाच्या मोबदल्यात चारोळी नेत असत. मौल्यवान वस्तूची ओळख वेचणाऱ्याला होती, तिच्या बाजारभावाची ओळख मात्र व्यापाऱ्याला होती. या तफावतीतून ती लूट घडली.

आज चारीच्या झाडावर दुसरे संकट आहे. दुसऱ्याने आधी तोडू नये म्हणून फळे कच्ची असतानाच ओरबाडली जातात, प्रसंगी फांद्या छाटल्या जातात. कच्च्या फळाचा दाणा भरलेला नसतो आणि जमिनीवर पडून उगवायला बीही उरत नाही. ज्यांच्या शेताच्या बांधावर चार आहे त्यांनी फळ काळे पडेपर्यंत थांबावे आणि काही फळे झाडाखाली राहू द्यावीत. रोप करायचे असल्यास ताजी आठळी आतील दाण्याला इजा न करता किंचित तडकवून पावसाच्या तोंडी लावावी. अखंड कवच उगवण्यास फार विलंब लावते.

बिबा : दाहक रसाचा पहारा

चारीचा हा सख्खा नातलग, पण स्वभाव अगदी निराळा. बिब्याची पाने फार मोठी, कधी हाताच्या कोपरापर्यंत पोहोचतील एवढी लांब, टोकाशी रुंद व गोल आणि मागून फिकट असतात. ती फांदीच्या शेंड्याला दाटीने येतात. खोडाला जखम झाली की त्यातून येणारा रस हवेने काळा पडतो. हिवाळ्यात फळे पिकतात आणि तेव्हा या झाडाबद्दल शंकाच उरत नाही. वर काळे, चकचकीत, थोडे चपटे फळ आणि त्याला लागून देठाकडे केशरी-पिवळा मांसल भाग, अशी ती जोडी असते.

ही रचना काजूच्या बोंडासारखी आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. काजू हा पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणलेला परदेशी पाहुणा. गोवा आणि कोकणात तो स्थिरावला. बिबा मात्र इथलाच. काजूच्या टरफलातही जळजळीत तेल असते, म्हणूनच काजू भाजून वा वाफवून मगच फोडतात. बिब्याचा रस त्याहून उग्र. परीट पूर्वी कपड्यावर न पुसली जाणारी खूण करण्यासाठी याच रसाचा वापर करीत. तो त्वचेला लागला तर तिथे लाली, खाज, सूज आणि फोड येतात. काहींना ओल्या लाकडाच्या धुरानेही चेहरा सुजतो.

वाळलेला मांसल भाग आणि कवचातील गोडंबी हे दोन्ही मात्र खाल्ले जातात. हिवाळ्यातील डिंकाच्या लाडवांत गोडंबी घालणारी घरे आजही आहेत. परंतु त्या गोडंबीपर्यंत पोहोचण्याचे काम मुलांच्या खेळाचे नव्हे. विदर्भात बिबे फोडण्याचे काम प्रामुख्याने गरीब घरांतील स्त्रिया करतात आणि त्यांच्या बोटांवर, चेहऱ्यावर त्या रसाचे डाग कायमचे राहतात. गोडंबी विकत घेताना भावात घासाघीस करण्याआधी त्या हातांचे स्मरण व्हावे.

रस अंगाला लागल्यास तो भाग ताबडतोब साबणाने व भरपूर पाण्याने धुवावा, खाजवू नये, ते हात डोळ्यांना लावू नयेत, कपडे बदलावेत आणि फोड आले किंवा चेहरा सुजला तर डॉक्टरांकडे जावे.

बेहडा : औषध सालीत, धोका मगजात

बेहडा हा उंच, सरळ खोडाचा, मोठ्या घेराचा वृक्ष. पाने रुंद, लांब देठाची आणि फांद्यांच्या टोकांशी गुच्छाने असतात. फुलोऱ्याचा वास उग्र असतो. हिवाळ्यात झाडाखाली करड्या, मखमली लव असलेल्या, सुपारीएवढ्या फळांचा सडा पडतो. वाळल्यावर त्यांच्यावर पाच अस्पष्ट धारा दिसतात.

हिरडा आणि आवळा यांच्याबरोबर बेहडा त्रिफळा चूर्णात जातो, हे सर्वांना ठाऊक आहे. विनयपिटकातील महावग्गात भिक्खूंना औषध म्हणून अनुमती दिलेल्या फळांमध्येही हरीतक, विभीतक आणि आमलक ही तिन्ही नावे आहेत. वैदिक काळी जुगाराचे फासे म्हणून हीच फळे वापरली जात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील जुगाऱ्याच्या सूक्तात त्यांचा उल्लेख आहे. इतक्या जुन्या ओळखीच्या झाडाबाबतही एक भेद विसरला जातो. औषधात वापरतात ते फळाचे वरचे वाळलेले आवरण. आतील मगज नव्हे. मुले आठळी फोडून तो मगज खातात. एखाददुसऱ्याने विशेष काही जाणवत नाही, पण अधिक खाल्ल्यास गुंगी, मळमळ आणि डोकेदुखी होते. म्हणून बेहड्याचा मगज मुलांनी खाऊच नये, हा नियम बरा.

बदाम म्हणवणारी झाडे आणि कुलू

बाजारात मिळणारा बदाम हा थंड प्रदेशातील, पीच या फळाचा जवळचा नातलग. आपल्या शाळांच्या आणि कार्यालयांच्या आवारात जो 'बदाम' दिसतो तो वेगळा आहे. त्याला देशी बदाम म्हणतात आणि तो हिरडा-बेहड्याच्या कुळातला, मुळात समुद्रकाठचा वृक्ष आहे. त्याच्या फांद्या खोडाभोवती आडव्या मजल्यांप्रमाणे पसरतात. पाने मोठी, टोकाकडे रुंद, देठाकडे निमुळती आणि गळण्यापूर्वी लालभडक होतात. फळ दोन्ही कडांना धार असलेले, बदामी आकाराचे. बाहेरचे जाड आवरण हलके, तंतुमय असते. त्यामुळे ते पाण्यावर तरंगते आणि लाटांबरोबर नव्या किनाऱ्याला लागते. आतील मगज बारीक, गुंडाळी केल्यासारखा असतो. तो खाण्यास निर्धोक आणि रुचकर आहे. एवढे एकच झाड असे आहे, की जे शाळेच्या अंगणातही मुलांच्या हाती निःशंकपणे देता येते, अर्थात ते अचूक ओळखल्यानंतर.

'जंगली बदाम' हे नाव असलेले झाड मात्र तिसरेच. त्याच्या एका देठावर पाच ते नऊ पर्णिका हाताच्या पंजासारख्या पसरतात. काटेसावरीची पानेही तशीच असतात. पण सावरीच्या खोडावर काटे असतात, याच्या नसतात. वसंताच्या सुमारास पर्णहीन फांद्यांवर लालसर फुले येतात आणि त्यांची दुर्गंधी दूरवर जाते. फळे मुठीएवढी, लाकडी, होडीच्या आकाराची, उकलल्यावर आत काळ्या बियांची रांग. काही भागांत या बिया भाजून खातात. कच्च्या बिया रेचक असल्याने त्या खाऊ नयेत.

याच कुळातील कुलू आपल्या खडकाळ टेकड्यांवर आढळतो. त्याची पांढुरकी, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी साल इतकी ठळक असते, की उन्हाळ्यात निष्पर्ण अवस्थेत ते झाड दुरूनच ओळखू येते. पान एकसंध पण पाच टोकांचे. फळ चांदणीसारखे पाच भागांचे आणि त्यावर टोचणारे केस. शास्त्रीय नावातील 'युरेन्स' हा शब्द या दाहाचाच वाचक आहे. बिया भाजून खाल्ल्या जातात आणि खोडाचा डिंक विकला जातो. डिंकासाठी खोलवर घाव घातल्याने अनेक कुलू वाळून गेले.

ज्यांना हात लावू नये अशी झाडे

आता या लेखाचा सर्वांत महत्त्वाचा भाग. पालकांनी तो मुलांना वाचून दाखवावा.

चंद्रज्योत किंवा मोगली एरंड हे मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील झुडूप. जनावरे त्याला तोंड लावत नाहीत म्हणून ते कुंपणाला लावतात. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने जैवइंधनासाठी या वनस्पतीची शिफारस केली आणि त्यानंतर पडीक जमिनी, रस्त्यांच्या कडा आणि शाळांचे परिसर यांतही तिची लागवड झाली. पान रुंद, तीन ते पाच उथळ कोनांचे. एरंडासारखी खोल, दातेरी नक्षी त्याला नसते. फळ लिंबापेक्षा लहान, हिरवे, मग पिवळे आणि शेवटी काळे, तीन कप्प्यांचे. प्रत्येक कप्प्यात एक काळी लांबट बी. ती फोडली की पांढराशुभ्र, शेंगदाण्यासारखा गोड लागणारा मगज निघतो. धोका तिथेच आहे. कडू असती तर मुलांनी थुंकून टाकली असती. खाल्ल्यानंतर काही वेळाने घशात जळजळ, पोटदुखी, वारंवार उलट्या आणि जुलाब सुरू होतात. शाळकरी मुलांच्या सामूहिक विषबाधेच्या ज्या बातम्या अधूनमधून येतात, त्यांपैकी अनेकांमागे हेच झुडूप असते.

बिट्टी किंवा पिवळी कण्हेर तर आपल्या अंगणातच असते. अरुंद, चकचकीत पाने, पांढरा चीक, घंटेसारखी पिवळी फुले आणि हिरवे, त्रिकोणी वळणाचे फळ. त्याच्या आठळीने मुले खेळतात. तिच्या आतील बी थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते आणि थोड्या प्रमाणातही प्राणघातक ठरू शकते. मुले राहतात त्या आवारात हे झाड नसावे, हेच उत्तम.

साध्या एरंडाची ठिपकेदार सुंदर बी आणि कोकणात सर्रास आढळणाऱ्या काजऱ्याची चपटी, नाण्यासारखी, रेशमी लवेची बी या दोन्ही तीव्र विषारी आहेत. काजऱ्याचे फळ पिकल्यावर लहान संत्र्यासारखे नारिंगी दिसते. किंपक्काप्रमाणेच त्याचे रूपही फसवे. करंजाच्या शेंगेतील कडू बी दिव्याच्या तेलासाठी आहे, खाण्यासाठी नाही.

इथे तीन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. गोड लागते म्हणून ते चांगले, हा पहिला. चंद्रज्योत त्याचे उत्तर आहे. पक्षी किंवा वटवाघूळ खाते म्हणून माणसाला चालते, हा दुसरा. प्रत्येक प्राण्याचे शरीर निराळे असते आणि पुष्कळदा तो केवळ गर खाऊन बी टाकून देतो. भाजले की विष जाते, हा तिसरा. काही बियांचा दोष उष्णतेने कमी होतो, सर्वांचा नाही.

मुलाने अनोळखी बी खाल्ल्याचे कळले तर लक्षणांची वाट पाहू नये. तोंडात उरलेले बाहेर काढून चूळ भरायला लावावी. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नये. त्याने अपाय वाढू शकतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या रुग्णालयात न्यावे. ज्या झाडाची बी खाल्ली त्याची फांदी, फळ आणि उरलेल्या बिया पिशवीत घालून सोबत न्याव्यात. कोणी किती खाल्ले आणि किती वाजता, हे सांगावे. बरोबरच्या इतर मुलांनीही खाल्ले असेल, असे गृहीत धरून सर्वांची चौकशी करावी. ती रागावून करू नये. भीतीने मुले खोटे सांगतात आणि त्या खोट्याची किंमत मोठी असते.

हे ज्ञान कोणाकडे आहे?

वर दिलेली माहिती ग्रंथांत आहे, पण ती प्रथम ग्रंथांत जन्मली नाही. कोणते फळ कधी वेचावे, बिबा कसा फोडावा, कोणत्या झाडाखाली मुलांना जाऊ देऊ नये, हे रानात राबणाऱ्या स्त्री-पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवाने जमवले. आपल्यापैकी अनेकांच्या आई आणि आजी त्यांत होत्या. शिक्षणाने आपल्याला त्या कष्टांतून बाहेर काढले, हे योग्यच झाले. परंतु कष्ट सोडताना ज्ञानही मागासलेपणाची खूण समजून टाकून दिले, तर तो तोटा आपलाच. आजीला पान पाहून झाड कळते आणि नातवाला त्याचे शास्त्रीय नाव शोधता येते. या दोघांनी एका झाडाखाली एकत्र बसण्याची वेळ अजून गेलेली नाही, पण ती फार उरलेलीही नाही.

या ज्ञानाला आता कायद्याचाही आधार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींचा हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. २०१३-१४ पासून केंद्र शासनाने काही गौण वनोपजांना किमान आधारभूत किंमत देण्याची योजना सुरू केली आणि तिच्यात चारोळीचाही समावेश आहे. पण ज्याला आपल्या शिवारात कोणते झाड आहे हेच सांगता येत नाही, त्याला त्यावरील हक्कही नीट मांडता येत नाही.

एक वर्षाचा उपक्रम

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना शेवटी एक सोपी विनंती करावीशी वाटते. आपल्या घराभोवतालची केवळ पाच झाडे निवडा. एका वहीत प्रत्येकाला सहा पाने द्या, एका ऋतूला एक. जागा, साल, पान, चीक, मोहोर आणि फळ यांची नोंद तारखेसह करा. झाडाचे गावात जे नाव चालते ते लिहा आणि ते कोणी सांगितले तेही लिहा. एकाच झाडाला दोन गावांत दोन नावे असतात आणि एकाच नावाची दोन झाडेही असतात, हे आपण बदामात पाहिलेच. फांदीचा पानाफुलांसह छोटा तुकडा वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवा. कागद रोज बदलला तर बुरशी येत नाही. बिब्याची फांदी मात्र तोडू नका, त्याचे रेखाचित्र काढा. शंका राहिली तर जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागात किंवा पुणे येथील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात असे नमुने ताडून पाहता येतात.

आणि वर्ष पूर्ण होईपर्यंत त्या झाडाचे काहीही चाखू नका. फुलाशिवाय आणि फळाशिवाय झाडाची ओळख अपुरी असते. ती पुरी व्हायला सहाही ऋतू लागतात. अशी एक वही प्रत्येक घरात झाली आणि सुट्टीत मुलांनी आजी-आजोबांकडून तिच्यात भर घातली, तर शाळेच्या कुंपणालगतची चंद्रज्योत आणि बांधावरची चार यांतला फरक सांगायला मुलांना कोणा बाहेरच्या जाणकाराची वाट पाहावी लागणार नाही. तो त्यांच्या स्वतःच्या अक्षरात, त्यांच्या दप्तरात असेल.